बंडूभियाचे परदेशी

बंडूभियाकडे सगळ्या शेजारी देशांसाठी मिळून एकच चेहरा होता, आणि तो त्याच्या मेहुण्याचा होता.

मुलांनो, तुम्ही इंदूरच्या झांक्या पाहिलेल्या नाहीत. अनंत चतुर्दशीला इथल्या कापड मिलचे कामगार ट्रकवर दिव्यांचे, हलत्या पुतळ्यांचे देखावे उभारून मिरवणूक काढतात, त्या झांक्या. आमच्या शेजारचा बंडूभिया मिलमध्ये फिटर. झांकीतल्या परदेशी लोकांचे पुतळे करायचं काम त्याच्याकडे असे. मेहुण्याच्या तोंडावरून प्लास्टरचा साचा त्याने एकदाच काढून ठेवला होता. मिशा खाली ओढल्या की चिनी, वर वळवल्या की पाकिस्तानी, मिशाच काढून टोपी घातली की नेपाळी. मेहुणा दरवर्षी गर्दीत उभा राहून स्वतःलाच शिव्या घालायचा.

मी एकदा ॲटलास उघडून त्याच्यापुढे ठेवला. “बंडूभिया, हे लोक असे नसतात हो.”

“वहिनी, नकाशात माणसं कुठे दिसतात? पब्लिकला लांबून समजलं पाहिजे, बस!”

मी कॉलेजात इंग्रजी शिकलेली, तरी ॲटलास मिटून घेतला. मी तरी कुठे कुणा चिनी माणसाला भेटले होते?

पुढे मिल बंद पडली. कामगारांनी वर्गणी काढून झांकी मात्र चालू ठेवली. बंडूभियाच्या मुलाला, नंदूला, इथे काम मिळेना, म्हणून तो नेपाळात विराटनगरला एका सूतगिरणीत गेला. नेमकं त्याच वर्षी झांकीच्या कमिटीने ठरवलं, पशुपतिनाथाचं देऊळ करायचं, आणि दारात सलाम ठोकणारा गुरखा.

बंडूभियाचं काम अडलं. साचा बाहेर काढायचा, पुसायचा, परत ठेवून द्यायचा. एका दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसला. चहाला हात लावेना.

“वहिनी, तुमचं वाचन आहे. तिकडेपण नाटक-सिनेमा होत असेल ना? त्यात आपला माणूस कसा दाखवतात?”

“आपला म्हणजे?”

“मतलब, हिंदुस्थानी. ढेरपोट्या? लबाड? पब्लिक हसते का त्याला पाहून?” मग खाली बघत म्हणाला, “तिथे नंदूला पाहून लोकांना तोच आठवत असेल.”

त्या वेळी आपल्या घरातून कुणीच परदेशी गेलं नव्हतं, त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

“चांगलाच दाखवत असतील,” मी म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही, आणि ते त्याला माहीत होतं.

झांकी आमच्या कोपऱ्यावर आली तेव्हा देऊळ होतं, पण गुरखा नव्हता. दाराशी एक नेपाळी बाई बसली होती, चेहरा अगदी वेगळा, साच्यातला नव्हेच. समोर शर्ट-पँटमधला एक काटकुळा मुलगा पानावर बसलेला. मोटर फिरली की बाईचा हात खाली यायचा आणि त्याच्या पानात भात वाढायचा.

टाळी कुणाचीच पडली नाही. “ये क्या है भिया?” माझ्या शेजारचा माणूस विचारत होता.

कमिटीचे अध्यक्ष ट्रकपुढे धावत आले. “बंड्या, सलाम कुठाय? सगळी वाट लावलीस! ए ड्रायव्हर, गाडी पुढे घे!”

बंडूभिया ट्रकच्या कडेला धरून उभा होता. बाईचा हात नुकताच खाली येत होता.

“दोन मिनिटं थांबा, साहेब,” तो म्हणाला. “जेवतोय तो.”