मंदाताईंच्या हाडांतला चुना

आमच्या बोईसरच्या सोसायटीत माणूस भेटला की "कसं काय?" विचारतात. तळमजल्यावरच्या मंदाताई विचारायच्या, "हाडं काय म्हंतात, मास्तर?"

ताई मूळच्या समुद्रकाठच्या दातिवऱ्याच्या, कोळीवाड्यातल्या. साठी उलटलेली, अंगकाठी सुक्या बोंबलासारखी. ही उपमाही त्यांचीच. रोज सकाळी ओढणी कमरेला कसून त्या पळत नवापूरचा समुद्र गाठायच्या आणि पळतच परत यायच्या. कंपनीच्या बसची वाट बघत जांभया देणारी माणसं त्यांना पाहून उगाच ताठ उभी राहायची. कॅल्शियमला त्या चुना म्हणत. तो टिकावा म्हणून ओढणीच्या गाठीत भाजलेला जवळा असे, भेटेल त्याला चिमूटभर. शाकाहारी सेक्रेटरींसाठी दुसऱ्या गाठीत तीळ.

एकदा पाण्याच्या टाकीवरून मीटिंग पेटली. ताई उठल्या. "भांडा, पण बसून भांडा. जीव जाळला का हाडांतला चुना उडतो." सगळे गुडघे चाचपत खाली बसले.

मागच्या थंडीत ताई लंगडायला लागल्या. मीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पावलाच्या हाडाला बारीक चीर गेली होती. एक्स-रे बघून ताईंचा चेहरा पडला.

"एवढी मासळी खाल्ली, ती गेली कुठं?"

"खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही विश्रांती न घेता पळता, घामातूनही कॅल्शियम जातं. त्यात मनावर सतत ताण असला, तर आतडी ते नीट शोषून घेत नाहीत. कसली काळजी आहे का?"

"मला? नाय. पायानंच चुना लावला."

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो, तर प्लास्टरचा पाय स्टुलावर आणि मोबाइल मांडीवर. ताईंचा मुलगा जहाजावर असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भर समुद्रात गेला की त्याचा किती दिवस फोन येत नाही, हे मात्र आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

"पळायला जाताना फोन घरीच ठेवते," त्या म्हणाल्या. "घरात बसलं आनि वाजला नाय, म्हंजे वाजला नाय. भायेर असलं का परत येईपर्यंत म्हनता येतं, वाजला असंल."

तेवढ्यात तो वाजला. ताईंनी आधी केस सारखे केले.

"मी? मजेत हाय. आत्ताच पळून आले. तू दूध पितो का नाय?"

बोलणं संपलं. मी निघालो, तशा म्हणाल्या, "बसा ना मास्तर. पळायचं नाय तर सकाळ लय मोठी होते."

मी बसलो. तेव्हापासून सकाळचा चहा तिकडेच.

आता प्लास्टर निघालंय. ताई हळूहळू चालतात, सोबत मी. फोन माझ्या खिशात असतो. वाजला तर लगेच द्यायचा, नाही वाजला तर काही बोलायचं नाही, असं आमचं ठरलंय.