माळबोलीची रविवारची शाळा

एका जंगलात, बाळांनो, जिकडे तिकडे पोपटांचंच राज्य होतं. तिथे लांबच्या माळावरच्या काही साळुंक्या पोटापाण्यासाठी येऊन राहिल्या. त्यांची पिल्लं पोपटांच्या शाळेत जाऊ लागली आणि घरीसुद्धा पोपटी बोलू लागली.

भागू साळुंकीची चिंगी तर दिवसभर पोपटीतच चिवचिवायची. भागूला त्यातलं अक्षर कळत नसे. पोटची पोर, आणि तिचं बोलणं कळू नये? भागूला रडू यायचं. पण पोपटी शिकायची म्हणजे नाक कापल्यासारखंच की!

शेवटी साळुंक्यांनी मिळून एका ढोलीत माळबोलीची रविवारची शाळा काढली. शिकवणार कोण? सगळ्यांनाच त्या दिवशी नेमकं काम निघालं. मग भागूला जुंपलं.

"साप दिसला तर काय ओरडायचं, ते आधी शिकवते," भागू म्हणाली.

"थांबा!" अध्यक्ष तात्या साळुंके म्हणाले. "वरच्या माळाची हाक की खालच्या माळाची?"

झालं! वरचे म्हणाले, आमचीच शुद्ध. खालचे म्हणाले, तुमची ऐकून सापाला झोप येईल. समिती नेमली गेली. तोवर पिल्लांना स्वागतगीत शिकवायचं ठरलं, कारण साळुंक्यांचं संमेलन तोंडावर आलं होतं.

पिल्लं आत गीत घोकायची. आईबाप बाहेर फांदीवर माळबोलीत मनसोक्त गप्पा हाणायचे. आठवडाभर पोपटांत मुका राहिलेला जीव तेवढाच मोकळा व्हायचा. फायदा नाही कसं म्हणावं?

एका रविवारी भागूही घटकाभर फांदीवर टेकली. तेवढ्यात तिच्या मागून साप चढू लागला. चिंगीनं ढोलीतून तो पाहिला आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडली. पोपटीत. आसपासचे सगळे पोपट भुर्रकन उडाले.

"शाळेतसुद्धा पोपटी!" तात्या कडाडले.

भागू शरमेनं लाल झाली. "चिंगे, आपल्या भाषेत बोल!"

चिंगीला आपल्या भाषेत एकच गोष्ट येत होती. रडत रडत ती गाऊ लागली, "यावे, यावे, पाहुणे यावे!"

भागूचे डोळे भरून आले. इतकं स्वच्छ माळबोलीत! ती ऐकतच राहिली. सापानं तिला तसंच गिळलं.

शोकसभेत तात्या म्हणाले, "भागूबाई गेल्या. पण पोरीचे उच्चार ऐकून गेल्या!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हाकेच्या समितीला मुदतवाढ मिळाली.

तात्पर्य: पिल्लांनी आपल्याच भाषेत बोललं पाहिजे. ती काय सांगताहेत, याच्याशी आपल्याला काय करायचंय?