साठीच्या आत मेलेल्यांना माफी नाही

महादूकाका मेलेल्या माणसांना शिव्या देत. सगळ्यांना नाही, बायका आणि पिकलेले म्हातारे यांना माफी होती. पण साठीच्या आत गेलेला पुरुष दिसला, की ते तिरडीच्या बाजूने चालत त्याला झापायचे. उभी हयात कोर्टात पुकारा करण्यात गेलेली, त्यामुळे आवाज असा की घाटाखालच्या गावांनी हजर व्हावं.

"माहा आजा पटकीनं गेला, बाप मानमोडीच्या साथीत. त्याइच्या हातात काही नव्हतं. तुह्या दंडाले सुई टोचली, तुह्या घरात फवारनी केली सरकारनं. मंग तुले मराले काय धाड भरली होती?"

खांदेकरी हसू दाबत. एखादा म्हणायचा, "जाऊ द्या काका, वय झालं होतं त्याचं."

मग त्याची धडगत नसे. "पंचावन म्हंजे वय व्हय? बैल होता का तो?"

लोक त्यांना चक्रम म्हणत. मला चक्रम वाटायचे ते लोकच. आमच्या गल्लीत आज्या घरोघरी होत्या. आजोबा म्हणावेत असे एकटे महादूकाका. बाकीचे पुरुष पन्नाशीत खोकू लागत, 'काही नाही, उष्णता आहे' म्हणत, आणि एक दिवस जात. वर त्याला म्हणायचं आयुष्य संपलं.

माझे बाबा त्याच कोर्टात कारकून. दोघेही मूळ रोहिणखेडचे; बाबा चारेक वर्षांनी लहान, तरी लहानपणापासूनचे दोस्त. बाबांच्या छातीत दुखू लागलं तेव्हा काकांनी त्यांच्या बिड्या आडात फेकल्या आणि एका सकाळी त्यांना दंडाला धरून अकोल्याच्या एसटीत बसवलं, मोठ्या डॉक्टरांकडे न्यायला. काका पाण्याचा तांब्या भरायला उतरले. परत येतात तो सीटवर नुसती पिशवी! बाबा गुपचूप उतरून कोर्टात जाऊन बसले होते. आज काम फार आहे, पुढच्या महिन्यात जाऊ, असं त्यांचं म्हणणं.

"फायली बांधून नेजो तिरडीवर!" काका भर कचेरीत गरजले. साहेबांनी काकांनाच बाहेर काढलं.

त्याच महिन्यात बाबा फायलीवर डोकं टेकून गेले. मला त्यांचा संताप आला. अजून येतो. त्यांची चप्पल दाराआड सरकवतानासुद्धा येतो.

तिरडी उचलली तेव्हा सगळे काकांकडे पाहू लागले. मी तर वाटच पाहत होतो. कुणीतरी बाबांवर ओरडायला हवं होतं. काका खाली मान घालून चालत राहिले.

तेरवी आटोपली, पाहुणे पांगले. काका ओसरीवर बसूनच होते. मी विचारलं, "काका, तुम्हाला चहा टाकू?"

"तुम्हाले, तुम्हाले!" ते उसळले. "साऱ्या गावानं मले तुम्ही-तुम्ही लावलं हाये." मग आवाज एकदम उतरला. "'काऊन बे महाद्या' म्हननारा तुहा बाप शेवटचा होता. एकडाव तू म्हन."

काका भिंतीकडे तोंड करून बसले.

"काऊन बे, महाद्या," मी म्हणालो.

"हाव," काका म्हणाले.