मादीफुलावरचा पहारा

"आई, नरफुलांना फळ धरत नाही. ती खुडली तर काही बिघडत नाही, अगदी शपथेवर सांगतो."

सकाळी सकाळी सर टोपली घेऊन अंगणात उभे होते आणि सासूबाई भोपळ्याच्या वेलापुढे आडव्या उभ्या होत्या. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. आज प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रत्येकाला एकेक फूल द्यायचं, त्यानं ते ब्लेडनं उभं कापून वनस्पतीचं कूळ ओळखायचं. कूळ भोपळ्याचं ठरलं होतं, कारण कॉलेजच्या कुंपणावर त्याचा झकास वेल होता. पण बाहेरचे परीक्षक येणार म्हणून माळ्यानं काल कुंपण चकाचक केलं, वेलासकट.

घर सासूबाईंचं होतं, वेलही त्यांचाच. इस्पितळात मेट्रन म्हणून उभा जन्म गेल्यावर त्यांनी हौसेनं लावलेला. त्याला पानं आली, तणावे आले, पिवळ्या फुलांचा नुसता खच पडला, पण भोपळ्याचा पत्ता नाही. "ताई, तू पालाच छान पिकवतेस," असं धाकटी बहीण येता-जाता म्हणे आणि ते सासूबाईंच्या फार जिव्हारी लागलं होतं. आज कुठे पहिलं मादीफूल उमललं होतं, पाकळ्यांखाली सुपारीएवढा हिरवा भोपळा घेऊन.

"या कुळाचं लक्षणच ते," सर खुलले. "नरफूल वेगळं, मादीफूल वेगळं. नर आधी येतात, ढिगानं येतात आणि नुसते मिरवतात."

"आमच्या कुळातही तसंच आहे," सासूबाई म्हणाल्या. "न्या ती. पण हिला हात लागला तर बघा, जावईबापू!"

सरांनी तिला हात लावला नाही. बाकीची फुलं मात्र झाडून सगळी खुडली.

परीक्षा छान चालली होती. परीक्षक एका मुलीला तोंडी प्रश्न विचारत होते आणि सर शेजारी समाधानानं बसले होते.

"समजा, वेलावरची सगळी नरफुलं कुणी खुडून नेली, तर?"

"मग पराग कुठून येणार, सर? मादीफूल मिटून जाईल. खालचा बारका भोपळा पिवळा पडेल आणि गळेल."

"शाब्बास! पण असं कोण करेल म्हणा."

सर खुर्चीवरून अर्धे उठले. हे शिकवण्यात त्यांचे केस पिकले होते आणि सकाळी शपथ घेताना नेमकं हेच डोक्यातून निसटलं होतं. भ्रमाचा भोपळा फुटला तो फुटलाच, आता खराही लागणार नव्हता. त्यांनी टेबलांवरून नजर फिरवली. सगळी फुलं उभी चिरलेली. एकच धड उरलं होतं, परीक्षकांसमोरच्या पेल्यात.

"परीक्षा संपली की हे मी नेऊ का? घरी गरज आहे."

"कुणाला?"

"मादीफुलाला."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "न्या," ते म्हणाले, "पण गाडी जपून चालवा."

फूल डब्यात घालून सरांनी स्कूटर दामटली. ऊन चढत होतं आणि भोपळ्याचं फूल काही दुपारपर्यंत वाट पाहत नाही. अंगणात पोहोचले तेव्हा पाकळ्या मिटायला लागल्या होत्या. त्यांनी त्या दोन बोटांनी हलकेच उघडल्या, नरफुलाच्या मधला परागाचा दांडा आत घालून पराग चोळला, आणि त्यांना इतकं हायसं वाटलं की डोळेच मिटले.

"जावईबापू!"

खिडकीत सासूबाई. मागून बायको. सरांचा हात अजून फुलातच होता.

"अहो, एवढं एक तरी सोडायचं होतंत!" बायको म्हणाली.

खरं सांगावं तर सकाळची शपथ खोटी पडणार. "मी... माशी हाकलत होतो," सर म्हणाले.

"एवढी मोठी माशी मी आजच पाहिली," सासूबाई म्हणाल्या आणि वेलाशेजारी खुर्ची टाकून बसल्या.

भोपळा धरला. नारळाएवढा झाला, मग घागरीएवढा. धाकटी बहीण येऊन बघून गेली, तिनं पाल्याचं नाव काढलं नाही, आणि सासूबाईंना त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं. "मी वेळेवर पकडलं म्हणून," त्या येईल त्याला सांगत. "वेलाला खतापेक्षा पहारा महत्त्वाचा." सर खाली मान घालून जेवत. लाज वाटे, पण भोपळा वाढताना पाहून बरंही वाटे.

पुढचं मादीफूल आलं तेव्हा सासूबाईंनी धोका पत्करलाच नाही. उमलायच्या आधीच त्यावर मच्छरदाणी बांधली. "आता जावई नाही की माशी नाही!" सरांना पुन्हा ती शपथच आडवी आली. चार दिवसांत ते फूल गळालं. त्यानंतरचंही गळालं. कुठल्या उपचारानं रोगी उठतो आणि कुठल्यानं आडवा होतो, हे बघण्यातच सासूबाईंची हयात गेली होती.

एका सकाळी सरांच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. बाहेर सासूबाई, काखेत घडी घातलेली मच्छरदाणी.

"आणखी एक उमललंय," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "मी स्वयंपाकघरात जाते. खिडकी लावून घेते."

दोन पावलं जाऊन त्या परत वळल्या.

"आणि त्या दिवशी चोरी जशी केलीत ना, अगदी तश्शीच करा."