सगळ्यात खालची जागा

नम्रतेच्या बाबतीत आमच्या मंडळीत माझा हात धरणारं कुणी नाही. हे मलाच सांगावं लागतंय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. उपासनेनंतर पाळकसाहेबांशी हात मिळवायला रांग लागते, तेव्हा मी सगळ्यांच्या मागे उभा राहतो. माझ्या मागे कुणी आलंच, तर मी निघून त्याच्या मागे जातो. एकदा असं करता करता मी आणि निवृत्त पोस्टमास्तर फाटकाबाहेर पोचलो होतो आणि पाळकसाहेब दार लावून घरी गेले होते!

तर अशा या नम्र माणसाने आपल्या सख्ख्या थोरल्या भावाशी चौदा महिने अबोला धरला होता.

दादा आमच्या चर्चमध्ये एकतीस वर्षं ऑर्गन वाजवत आला आणि मी गायकवृंदात खालच्या पट्टीत गात आलो. एकदा सराव चालू असताना त्याने कडव्याच्या मध्येच ऑर्गन थांबवला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तू या रविवारी नुसते ओठ हलव." मी नुसते ओठ हलवले. त्या रविवारी गाणं कधी नव्हे इतकं छान झालं म्हणून लोकांनी दादाचं तोंडभरून कौतुक केलं. आता हे कुणाला सहन होईल? सोमवारी मी गायकवृंद सोडला आणि दादाशी बोलणंही सोडलं.

नंतर तो दोनदा माझ्या दुकानात आला. मी शिंपी आहे, आणि तोंडात टाचण्या धरल्या की माणसाला बोलता येत नाही. ही सोय मी दोन्ही वेळा वापरली. दादा थोडा वेळ बाकावर बसला, उगाच एका शर्टाची बाही चाचपून पाहिली आणि गेला. तिसऱ्यांदा तो आला नाही.

मग कळलं की त्याची बोटं आखडली आहेत आणि ऑर्गन आता त्याला झेपत नाही. मंडळीने त्याच्यासाठी निरोपाचं जेवण ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लेकीकडे कायमचा राहायला जाणार होता आणि तिचं घर दीड दिवसाच्या प्रवासावर. म्हणजे बोलायचं तर त्या दुपारीच, नाहीतर बहुधा कधीच नाही.

"जा आणि चुकलं म्हणा," आमची ही म्हणाली. "फार बोलायचं नाहीये. एक शब्द आहे."

एका शब्दात भागणारं काम असं पटकन करून टाकणं मला पटेना. शिवाय, चुकलं होतं दादाचं. जेवणाच्या आदल्या संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत मी शुभवर्तमान उघडलं आणि नेमका तो भाग समोर आला. मेजवानीला बोलावलं तर मानाच्या जागी बसू नका, सगळ्यात खालच्या जागी बसा, म्हणजे यजमान स्वतः येऊन म्हणेल, मित्रा, वर येऊन बस, आणि सगळ्यांदेखत तुमचा मान होईल. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी खाली बसायचं, दादाने शोधत शोधत यायचं, माझा हात धरायचा आणि साठ माणसांच्या समोरून मला वर न्यायचं! मला एक शब्दही बोलायला नको आणि वर शास्त्राला धरून.

"पुढचं वचन वाचा ना," ही म्हणाली.

पुढचं वचन स्वतःला उंच करणाऱ्याचं काय होतं याबद्दल आहे. त्याची मला गरज वाटली नाही, म्हणून मी पुस्तक मिटलं.

"तुम्ही खालच्या जागेसाठी चाललाय की वरच्या?" हिने विचारलं. मी आमेन म्हणून प्रार्थना आटोपली.

त्या दिवसासाठी मी पांढरा कोट घातला. तो नवाकोरा होता. महिन्याभरापूर्वी एका केटररच्या माणसाने बारा कोटांचं कापड आणून टाकलं होतं. मी बारा कोट शिवून दिले. बेतताना हात जरा राखून चालवला तर कापड उरतं, आणि उरलेलं कापड वाया घालवायचं म्हटलं की मला कसंसंच होतं. एवढंच.

सभागृहात एका टोकाला मानाचं टेबल होतं आणि दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराचं दार. दाराशेजारी उष्ट्या बशांसाठी भलामोठा टब ठेवलेला. त्या टबाला लागून असलेली खुर्ची म्हणजे अगदी शास्त्रात वर्णन केल्यासारखी जागा. पण तिच्यावर निवृत्त पोस्टमास्तर बसले होते.

मी त्यांना आदराने वर जाऊन बसायला सांगितलं. ते म्हणाले, इथेच बरं आहे. मी म्हटलं, ही जागा तुम्हाला शोभत नाही. ते म्हणाले, तुम्हाला शोभते वाटतं? मी म्हटलं, हो, मला शोभते. बोलता बोलता आवाज चढले आणि सगळ्यात खालच्या जागेवरून आम्ही हमरीतुमरीवर आलो. शेवटी समजलं की त्यांचा नम्रतेशी काही संबंध नव्हता. स्वयंपाकघराच्या जवळ बसलं की वाढप आधी येतं, असा त्यांचा साधा हिशेब होता. अशा हेतूने बसलेला माणूस काही केल्या उठत नाही. मी आतून एक स्टूल आणलं आणि टबाच्याही पलीकडे, थेट दाराच्या चौकटीला टेकून बसलो.

तेवढ्यात आतून केटररबाई आल्या. त्यांचे दोन वाढपी त्या दिवशी आलेच नव्हते, त्यामुळे त्या आधीच तापलेल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कोटाकडे पाहिलं. त्यांच्या बाकीच्या माणसांच्या अंगावर हुबेहूब तसेच कोट होते. का असणार नाहीत? मीच शिवले होते.

"मामा, बसलात काय? सूप निवतंय," त्या म्हणाल्या आणि सूपची ट्रॉली माझ्या पोटाला लावून आत गेल्या. मी तोंड उघडलं, पण ऐकायला समोर कुणी नव्हतं. पोस्टमास्तरांनी मात्र बशी पुढे केली होती. त्यांना तरी वाढावं म्हणून मी वाढलं, तर शेजारच्या चार जणांनीही बशा सरकवल्या.

असा मी तिसऱ्या टेबलापर्यंत गेलो आणि तिथे पाळकसाहेबांनी मला पाहिलं. ते उभे राहिले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आम्ही वचन वाचून दाखवतो. तुम्ही करून दाखवलंत." आजूबाजूच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. आता मला सांगा, अशा वेळी कुठल्या तोंडाने म्हणणार की बाई चुकल्या, मी जेवायला आलोय? मी मान खाली घातली. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. पुढच्या टेबलांवर मी जरुरीपेक्षा थोडं जास्तच वाकून वाढू लागलो.

वाढता वाढता मानाच्या टेबलाकडे लक्ष गेलं. दादा मधोमध बसला होता आणि त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. नवीन ऑर्गनवादक तिच्यावर बसायला गेला, तर दादाने खुर्चीवर तळवा ठेवला आणि त्याला पलीकडची दाखवली. दादाची नजर समोर होती, सभागृहाच्या मोठ्या दाराकडे. दार वाजलं की तो पाहायचा आणि दुसरंच कुणी आलं की पुन्हा बशीकडे वळायचा. तो माझी वाट पाहत होता. माझी योजना पार तडीस चालली होती, फक्त मी ज्या टोकाला होतो तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

मी ट्रॉली तिथपर्यंत नेली. मनात म्हटलं, आता वर बघेल आणि ओळखेल. मी त्याच्या बशीत सूप वाढलं. त्याने वर पाहिलं नाही. शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट करून म्हणाला, "तिथेही वाढा. येईल तो."

मी मला सूप वाढलं आणि ट्रॉली घेऊन निघालो. बोलायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण बोलवायचं त्याने, असं ठरलं होतं ना! म्हणजे मीच ठरवलं होतं, पण शास्त्र वाचूनच ठरवलं होतं.

थोड्या वेळाने मी मुद्दाम त्याच्या समोरून गेलो. "हे गार झालं," दादा माझ्या बशीकडे पाहत म्हणाला. "बदलून आणा. त्याला गार सूप चालत नाही." मी माझी बशी उचलून स्वयंपाकघरात नेली. भूक लागली होती म्हणून उभ्याने बशी तोंडाला लावली, तोच केटररबाईंनी मागून पकडलं आणि पाहुण्यांच्या बशीला तोंड लावतात का, म्हणून असं काही सुनावलं की आतले सगळे खरे वाढपी मान वळवून पाहू लागले. मी दुसरी बशी भरून नेली. तीही गार झाली. दादाने पुन्हा हाताने खूण केली.

तिसरी बशी ठेवताना काटा-चमच्याखाली अडकलेलं एक चिठोरं मला दिसलं. जागा कुणाची ते कळावं म्हणून ठेवलेलं. त्यावर माझं घरातलं नाव होतं, ज्या नावाने आई हाक मारायची ते. अक्षर दादाचं होतं, पण ओळखू येईना इतकं वेडंवाकडं झालेलं. ती चार अक्षरं काढायला त्या बोटांना किती वेळ लागला असेल, हे शिंप्याला कुणी सांगावं लागत नाही. चौदा महिने हा माणूस माझी वाट बघतोय आणि मी टबाशेजारी बसून मानाची वाट बघतोय!

मी खुर्ची ओढली आणि कुणी न बोलावता तिच्यावर बसलो.

"दादा," मी म्हटलं, "चुकलं माझं."

दादा काही म्हणायच्या आत केटररबाई धावत आल्या. "मामा, उठा. पाहुण्यांची खुर्ची आहे ती."

"बसू द्या," दादा म्हणाला. "भाऊ आहे माझा."

बाई ओशाळल्या. मग त्यांनी माझ्या कोटाची बाही दोन बोटांत धरून चोळून पाहिली आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मी घाईघाईने दादाकडे वळलो.

"किती वेळ तुझ्यासमोर वावरतोय मी. एकदा तरी वर बघायचंस," मी म्हटलं.

"बघायचं कशाला? पहिल्या बशीलाच ओळखलं. सुया टोचून चाळणी झालेलं बोट आहे तुझं. लहानपणी तेच धरून शाळेत नेलंय तुला."

"मग बोलला का नाहीस? आणि सूप तीन तीन वेळा बदलून का मागवलंस?"

दादाने चष्मा काढला आणि उगाच पुसत बसला. "तू जवळ येत होतास ना," तो म्हणाला. "म्हटलं, अजून एकदा येऊ दे. बोललो असतो तर टाचण्या तोंडात धरल्या असत्यास."

मी चमचा उचलून सूप प्यायला लागलो. डोळे भरून आले होते, सूप कुठे आणि चमचा कुठे कळत नव्हतं, पण एवढं मात्र कळलं की सूप ठार अळणी आहे. मी दादाकडे पाहिलं. त्याची बशी चाटूनपुसून साफ होती. पलीकडे पाळकसाहेबांची साफ, पोस्टमास्तरांच्या तर दोन. सबंध सभागृहात एकाही बशीत थेंब उरला नव्हता.

"मीठ नाही यात," मी हळूच म्हटलं.

"नाहीच," दादा म्हणाला.

केटररबाई अजून मागेच उभ्या होत्या. त्यांनी वाकून बाजूला उभ्या असलेल्या ट्रॉलीचा खालचा कप्पा ओढला. आत मिठाच्या बारा वाट्या होत्या, जशाच्या तशा भरलेल्या. टेबलाटेबलावर ठेवायला दिल्या होत्या म्हणे. मी वाकत होतो खरा, पण इतका खाली वाकलो नव्हतो. आणि मी प्रभूची सेवा करतोय अशी सगळ्यांची समजूत, त्यामुळे साठ माणसांनी ते गरम पाणी हूं की चूं न करता पिऊन टाकलं होतं. बायका डोळे पुसत होत्या ते नेमकं कशामुळे, याचीही आता मला शंका यायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला गाडीत बसवून आलो. निघताना त्याने माझा हात बराच वेळ सोडला नाही. संध्याकाळी प्रार्थनेला बसलो, तर हिने शुभवर्तमान माझ्या पुढ्यातून उचललं आणि म्हणाली, आज वाचन मी निवडते. तिने मिठाविषयीचं निवडलं: मीठच अळणी झालं तर त्याला चव कशाने आणणार?