चौथी बाजू उद्या

मारोतराव काका भाजीच्या वाफ्यांना लाकडी चौकट करून देतात, पण तीनच बाजू लावतात. चौथी उद्या. हा ‘उद्या’ आमच्या अंगणात दीड महिना चालला.

काकांनी आयुष्यभर शाळांचे बाक बनवले. मुलगा पुण्याला, काकू दोन वर्षांपूर्वी वारल्या. तेव्हापासून ते सायकलला फळ्या बांधून वस्तीत फिरतात. इतवारी बाजारातल्या दुकानांबाहेर टाकलेली खोकी मोडून या फळ्या निघतात, म्हणून आमच्या मेथीच्या कडेला ‘उलटे ठेवू नका’ असं छापलेलं आहे. पैसे घेत नाहीत. चहा घेतात.

आम्ही उमरेडकडच्या गावातून शहरात आलेलो. तिकडे वाफ्याला मातीचा बांध पुरतो. आईला हसूच आलं.

“वांग्याले पलंग काहून पाह्यजे, भाऊ?”

“हसा बाई. पाणी देल्लं का माती पळून राहिली तुमची. तिले घर नको?”

पहिल्या दोन दिवसांत तीन बाजू झाल्या. काका फळीवर रंधा मारत, कोपऱ्याला गुण्या लावून काटकोन तपासत, एक डोळा मिटून केसाएवढी चूक पकडत. मग चहा यायचा आणि हत्यारं खाली पडायची. कुठल्या शाळेत किती बाक डुगडुगतात इथपासून गप्पा सुरू होत. चौथ्या बाजूचं विचारलं की कारण तयार. ऊन असलं तर लाकूड आकसलेलं, ढग आले तर फुगलेलं. एकदा काहीच सापडेना, तेव्हा म्हणाले, “आज फळीचा मूड नाही.”

शेजारच्या मावशी आम्हाला चिडवायच्या, “काय वं, तुमच्या वाफ्याले दरवाजा ठेवला का?”

मला वाईट वाटायचं. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. एवढं शिकून एक फळी लावता येऊ नये? शिवाय म्हाताऱ्या माणसाला रोजचे हेलपाटे. रविवारी सकाळी मी माप घेतलं, फळी कापली, खिळे ठोकले. अंगठाही ठोकला. पण चौकट पूर्ण झाली.

काका आले. सायकल उभी करायची विसरून, हँडल धरूनच पाहत राहिले. मग माझ्या कोपऱ्याला गुण्या लावला.

“बराबर हाय. शाबास पोरी.”

“चहा ठेवते, भाऊ,” आई म्हणाली.

“नाही बाई. आता काय काम हाय माह्यं?”

आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. “पुस्तकं वाचते अन् माणूस वाचता येत नाही तुले. त्यायले का लाकडासाठी यायचं होतं?”

तेव्हा कुठे मला कळलं. मी चौकट नव्हती पूर्ण केली, त्यांचं येणं बंद केलं होतं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत तीनदा ठरवलं आणि दारात सगळं विसरले. एवढंच म्हणाले, “काका, मले रंधा शिकवा ना. माह्या हातची फळी खरखरीत झाली.”

“ते तं दिसलंच होतं मले,” ते लगेच म्हणाले. “पण तुह्या मायसमोर कसा बोलू?”

मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं. “बस, बस. चहा करतो. आमच्या घरी आली अन् तशीच जाशील काय?”

आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळाने काका पातेलं हातात घेऊन दाराशी आले आणि थोडे लाजून म्हणाले, “दोघायच्या चहाले पाणी किती लागते वं? मले अंदाजच नाही राह्यला.”

मलाही नीट माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून पाणी टाकलं, साखर टाकली, कमी वाटली म्हणून पुन्हा टाकली. पातेलं काठोकाठ भरलं. तो सगळा चहा आम्ही संपवला.