आधी टाच, मंग ब्रेक

सायकलवरून उतरायला ज्याला दुसऱ्याच्या अंगणातला कडुनिंब लागतो, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कारंज्याला आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे सुदामभाऊ. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आवाज यायचा, "गुरुजी, झाड मोकळं हाय काय?" मी हातातलं टाकून धावायचो आणि झाडाखालची बाज, बकरी, जे असेल ते ओढायचो. सुदामभाऊ येऊन खोडाला मिठी मारायचे आणि मग सावकाश पाय सोडवायचे.

पाय अडकलेले असायचे ना! सुदामभाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. त्यांनी आपल्या कॅनव्हासच्या बुटांना तळव्यात लोखंडी आकडे ठोकले होते आणि पायडलला त्याच मापाच्या खाचा केल्या होत्या. पाय ठेवला की खट्कन बसायचा. टाच बाहेर फिरवली तरच सुटायचा, नाहीतर माणूस सायकलसकट आडवा. "आधी टाच, मंग ब्रेक," हा त्यांचा मंत्र. तो ते कुठेही वापरत. आमच्या हिच्या हातून दूध उतू गेलं तरी भिंतीपलीकडून यायचं, "वहिनी, आधी टाच, मंग ब्रेक!"

हसू नका. या खटाटोपाला कारण होतं. एकदा ओल्या पायडलवरून त्यांचा पाय घसरला, सायकल कलंडली आणि मागे कॅरिअरवर बसलेल्या त्यांच्या बायकोचा, शांतावहिनींचा हात मोडला. सासरे आले आणि लेकीला कामरगावला घेऊन गेले. हात बसला की पाठवतो, म्हणाले. हात बसला, पाठवणी काही झाली नाही. "ज्याचा पाय पायडलवर टिकत नाही, त्याच्या मांगं मी पोरगी कशी बसवू?" एवढाच निरोप आला. तेव्हापासून भाऊंचं घर संध्याकाळी अंधारातच असायचं आणि माझा जीव पाय सुटल्याचा खट् आवाज येईपर्यंत टांगणीला.

एका रविवारी भाऊ म्हणाले, "गुरुजी, आज तिले आनायले जातो. तुमी संग चला. मामाजीले सांगा का पाय आता हालत नाही."

निघालो. मी मागे, माझ्या सायकलवर आणि काळजीत. समोर बैलगाडी दिसली की भाऊ लांबूनच ओरडायचे, "टाच!" पाय सुटायचा. एसटीचा हॉर्न वाजला की पुन्हा "टाच!" रस्त्यात म्हैस आडवी आली, तीही निभावली. कामरगाव जवळ आलं तसा मलाच धीर यायला लागला. तिथेच माझं चुकलं.

गावात शिरलो तर पाराजवळ खुद्द सासरे उभे, शेजारी दोन म्हातारे. आमच्याकडे सासरा दिसला की जावयाने सायकलवरून उतरायचं आणि मग हात जोडायचे. सुदामभाऊ गांगरले. उतरायचं राहिलं, टाच राहिली, ब्रेक राहिला. त्यांनी दोन्ही हात सोडून थेट जोडले. "जय भीम, मामाजी!" अगदी स्पष्ट म्हणाले. पुढच्या क्षणी सायकलसकट ते सासऱ्यांच्या पायाशी होते, हात तसेच जोडलेले. सासऱ्यांनीही सवयीने "जय भीम" म्हटलं आणि मग घाबरून दोन पावलं मागे सरले.

पाय काही सुटेनात. घाबरलेले भाऊ टाच आत फिरवत होते. गलका ऐकून शांतावहिनी धावत आल्या. त्यांनी पाहिलं, खाली बसल्या आणि बुटांच्या नाड्या सोडून पाय ओढून काढले. बूट पायडललाच राहिले.

"हे काय ठोकून ठेवलं बुटाले?"

"पाय घसरू नये म्हून. तू मांगं असशीन ना."

"पन मी तं इथं हावो."

"म्हून तं रोज सराव करून राह्यलो. एकट्यानंच."

वहिनी पदराने त्यांच्या ढोपराची माती पुसत राहिल्या. मामाजींनी पाराकडे तोंड फिरवलं, खाकरले आणि म्हणाले, "च्या घ्या. अन् दिवस हाय तोवर निंगा दोघं."

निघताना वहिनी स्वतःहून कॅरिअरवर बसल्या. भाऊ मात्र सायकलवर चढेनात. हँडल धरून चालू लागले, अनवाणीच. बूट पायडलला लटकलेले.

"आता बसा ना तुमी," वहिनी म्हणाल्या. "पाय घसरला तं मी उडी मारीन."

"नको. मले भेव वाटते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुमी व्हा पुढं. आमाले वेळ लागन."

वळणावर मी मागे पाहिलं. पुढे उतार होता आणि रस्ता अगदी मोकळा. तरी भाऊ चालतच होते. एक हात हँडलवर होता आणि दुसऱ्या हाताने त्यांनी वहिनींचा तो मोडून बसलेला हात धरला होता.